कोयत्याची सुट्टी

जव्हारच्या बाजारपेठेमागे एका गल्लीत लोहाराची भट्टी आहे. चार मेढी, वर पत्रे, मधोमध आग. सकाळचे नऊ वाजलेत आणि पत्रे तापू लागलेत. भट्टीसमोर कोयत्यांची रांग लागली आहे. जमिनीवर एकामागे एक ठेवलेले कोयते, मधेच दोन विळे, एक कुऱ्हाड, नांगराचा फाळ, मग पुन्हा कोयते. मालक मंडळी समोरच्या टपरीच्या सावलीत चहा पीत बसलीत. कोयत्यांनी नंबर धरलाय, माणसांनी सावली. मधे कुणी घुसत नाही. दुसऱ्याचा कोयता पायानं सरकवायची कुणाची छाती नाही.

आज खंडेनवमी. दुपारी भट्टी विझेल, ऐरणीला हळद-कुंकू लागेल आणि दसरा उलटेपर्यंत घण उचलला जाणार नाही. शेतात मात्र हळवं भात पिवळं पडलंय, नागलीची कणसं भरलीत. अवजाराला पुजायचं, पण त्याआधी ते कामाचं करून घ्यायचं. गर्दी त्यासाठी आहे.

लोहाराचा मुलगा पंख्याचं चाक फिरवतो. त्याच्या आजोबांच्या काळी इथे चामड्याचा भाता होता. कोळसे फुलतात. सांडशीत धरलेलं पातं लाल होऊन बाहेर येतं. घण पडतो, ठिणग्या उडतात, पुढे बसलेला माणूस पाय आखडून घेतो. हे लोखंड ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं. घाटात हादरे खाऊन मोडलेला पाटा भंगारात जातो आणि तिथून इथे येतो. पातं पाण्यात बुडतं. चर्रर्र आवाज होतो, वाफ उठते. पाणी किती द्यायचं ते लोहार पात्याच्या रंगावरून ठरवतो. जास्त झालं तर धार दगडावर उडते, कमी झालं तर वळते.

तयार कोयता तो गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. जमिनीवर ठेवतो. म्हातारा वाकतो, उचलतो, अंगठ्यानं धार बघतो. हातातून हातात कोयता दिला की दोघांत भांडण लागतं, असं म्हणतात. मी विचारतो तेव्हा लोहार हसतो.

"भांडण राहू दे दादा, आधी बोट जाईल."

म्हाताऱ्याच्या कमरेला मागे लाकडाची आकडी बांधलेली आहे. मागे न बघता तो कोयता तिच्यात सरकवतो. तो बरोबर बसतो. रानात जाताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि पातं अंगाला लागत नाही. चपला काढूनच तो भट्टीपाशी आला होता. जाताना ऐरणीला हात लावून कपाळाला लावतो. पोरगं एकदा गंमत म्हणून रिकाम्या ऐरणीवर हातोडी आपटतं. बाप नुसता बघतो. पोरगं हातोडी खाली ठेवतं. वर काही नसताना ऐरणीवर मारायचं नाही, हे त्याला आज पहिल्यांदा कळत नाहीये.

गल्ली संपते तिथे बाजार सुरू होतो. झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्या, आंब्याचे टाळे. भाताच्या लोंब्यांच्या जुड्या, त्यांत खोवलेला गुलाबी कुर्डू. या जुड्या उद्या दाराला लागतील. शेजारीच सुक्या बोंबलाची पाटी आहे. झेंडूचा आणि बोंबलाचा वास मिसळलाय आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. ऊन डोक्यावर येत चाललंय. आश्विनातलं हे ऊन पावसाळ्यानंतरच्या ओल्या जमिनीतून वाफ काढतं. घाम वाळत नाही.

एका भिंतीच्या कडेला एक आजी बांबूचं काम मांडून बसली आहे. सुपं, टोपल्या, रोवळ्या, कोंबड्या झाकायचं डालं. हात थांबत नाहीत. बोलतानाही बोटांतून कामटी सरकत असते.

"कळक कधी तोडला, आजी?"

"अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्यात तोडला का भुंगा लागं."

पावसाळ्यात तर कळकाला हात लावायचाच नाही. तेव्हा बेटातून वास्ते वर येत असतात. चार वास्ते भाजीला काढले तर चालतात, बाकीचे वाढू द्यायचे. बांबूला लागणारा भुंगा आतल्या पिठूळ अंशावर जगतो, आणि तो अंश ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो, हे वनशास्त्रातही शिकवतात. आजीपाशी पुस्तक नाही. चंद्र आहे, आणि सासूनं सांगितलेली ताकीद आहे.

एक बाई सूप घेते. पैसे दिल्यावर आजी कनवटीच्या पुरचुंडीतून चिमूटभर तांदूळ काढून सुपात टाकते. रिकामं सूप घरी न्यायचं नसतं. या सुपाला पुढे बरीच कामं आहेत. भात पाखडायचं, ते रोजचं. घरात मूल जन्मलं की पाचवीला पाटा-वरवंट्याशेजारी विळा ठेवतात, बाळंतिणीच्या उशाखालीही लोखंड असतं, आणि बाळ काही क्षण सुपात निजतं. घरात कुणी अंथरूण धरलं तर भगत येतो तोही सूपच मागतो. त्यात तांदळाचे दाणे टाकतो, चिमटीनं उचलतो, मोजतो, दाणे काय सांगतात ते बघतो. धान्यातून खडे वेगळे करणारं हे भांडं. दुखण्यातून कारण वेगळं करायलाही माणसांनी तेच पुढे केलंय.

आजीच्या मागे एक इरलं भिंतीला टेकवलेलं आहे. बांबूची दुहेरी वीण, मधे पळसाची पानं. आवणीच्या दिवसांत बाई वाकली की इरलं पाठीवर राहतं, हात चिखलात मोकळे राहतात. इथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तेव्हा इरलं म्हणजे बाईच्या अंगावरचं छप्पर. आता बांधावर निळी-पिवळी मेणकापडं दिसतात. स्वस्त, हलकी, एका हंगामाची.

"मग हे कुणाला?"

"हाटेलवाला नेल. भिताडाला टांगाया."

ती हसते. तिला त्यात काही वावगं वाटत नाही. विकलं जातंय ना.

बाजारातून राजवाड्याकडे रस्ता चढतो. जव्हार डोंगरमाथ्यावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० फुटांवर. चढावर एका दुकानात बैलांचं सामान टांगलंय. घुंगुरमाळा, वेसणी, जुवाच्या सापत्या. पूर्वी सापत्या चामड्याच्या असत. आज दहांतल्या नऊ नायलॉनच्या आहेत, भडक गुलाबी. कोपऱ्यात चामड्याच्या वाद्यांचं एक भेंडोळं पडून आहे. मी ते हातात घेतो आणि दुकानदाराला गोष्ट आठवते. इथल्या प्रत्येकाला ती आठवते.

जव्हारवर तेव्हा एका वारली प्रमुखाची सत्ता होती. मुकणे गावचा एक कोळी नायक त्याच्याकडे आला आणि म्हणाला, बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी जमीन दे. वारल्यानं हसून होकार दिला. नायकानं सुरी घेतली, कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि आख्ख्या मुलखाला वेढा घातला. वारली प्रमुखाला गंभीरगडाकडचा मुलूख घेऊन निघावं लागलं. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ही कथा आहे. भूमध्य समुद्राकाठी कार्थेज वसवणाऱ्या राणीबद्दलही हीच गोष्ट सांगतात. तिनं कुणाकडून ऐकली आणि यांनी कुणाकडून, ते वादीलाच ठाऊक. जव्हारच्या महादेव कोळी राजवटीचा आरंभ १३४३ पासून धरतात. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. सहाशे वर्षांच्या राज्याच्या मुळाशी लोकांनी तलवार ठेवलेली नाही. बैलाचं कातडं आणि सुरी ठेवली आहे, आणि सोबत शब्दाला जागून जमीन गमावणारा वारली.

"म्हनून वारली अजून सही करताना दोनदा इचारतो," बाजूला उभा असलेला माणूस म्हणतो. सगळे हसतात. तोही. तो वारलीच आहे.

एसटी स्टँडवर दुपार ठाण मांडून बसली आहे. पंखा फिरतो, वारा येत नाही. आश्रमशाळेतली मुलं सणाला घरी निघालीत, पत्र्याच्या पेट्यांवर बसलीत. बायका गाठोड्यांना टेकून डुलकी काढतात. खोडाळ्याची गाडी कधी, हे विचारायला जो तो खिडकीशी जातो आणि तेच उत्तर घेऊन परत येतो. लागेल आता.

गाड्या आज न्हाऊन उभ्या आहेत. बॉनेटला झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, काचेवर हळदीची पाच बोटं. एक चालक चारही चाकांखाली लिंबं ठेवतो. मेकॅनिकांनी पाने आणि जॅक पाटावर ओळीनं मांडलेत, त्यांवर अक्षता टाकल्यात. पान्याला कुंकू लावताना एकाच्या बोटाचं ग्रीस कुंकवात मिसळतं. तो तसंच लावतो. पुजाऱ्याची गरज कुणाला पडत नाही. जो हत्यार चालवतो, तो पूजा करतो.

गाडी लागते. झुंबड उडते. लिंबं फुटतात, गाडी हलते. कंडक्टरच्या तिकिटाच्या मशीनवरही कुंकवाचा ठिपका आहे. त्याला विचारतो, मामा, हिलाही? तो बटण दाबत म्हणतो, ही बिघडली तर दिवसभर माझाच हिशोब बिघडतो.

मोखाडा इथून पंचवीसेक किलोमीटर, खोडाळा त्याच्याही पुढे. रस्ता वळणं घेतो. उतारावर नागली तांबूस झालीय. खुरासणीची पिवळी फुलं डोंगराच्या खांद्यावर पसरलीत. खाचरांत कापलेलं भात वाळत पडलंय. २०११च्या जनगणनेत जव्हार तालुक्यात सुमारे १ लाख ४० हजार माणसं होती, मोखाड्यात ८३ हजार, आणि दर दहांत नऊ आदिवासी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. कचेरी तरीही घाटाखालीच राहिली. गाडीत पुढच्या बाकावर एकाच्या मांडीवर नवी कुदळ आहे. दांडा धामणीचा, ताजा तासलेला, अजून ओलसर. धामण लवचीक असते, हाताला झिणझिण्या येऊ देत नाही. मुसळाला मात्र खैर. जड, चिवट, भाताच्या माराला पुरून उरणारा. कुठल्या कामाला कुठलं झाड, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.

पाड्याच्या फाट्यावर मी उतरतो. वेशीपाशी वाघदेव आहे. लाकडाची फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र. शेंदूर जुना झालाय, पुढच्या वाघबारशीला नवा लागेल. तेव्हा गुराखी इथे जमतील, नारळ, कोंबडा घेऊन येतील, वर्षभर गुरं राखल्याचा हिशोब चुकता करतील. माझ्यासोबत उतरलेला माणूस कुदळ खाली ठेवतो, हात जोडतो, कुदळ उचलतो. खांद्यावर हत्यार घेऊन देवासमोरून जायचं नाही.

विहिरीवर हंडे आहेत. आत्ता पाणी हाताशी आहे, रांग लहान आहे, बायका बोलत उभ्या आहेत. चैत्रात इथे रिकामे हंडे पहाटेपासून ओळीनं बसतात आणि पाणी झिरपायची वाट बघतात. याच मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणेचं धरण आहे, शंभर मीटरहून उंच. त्याचं पाणी मुंबईला जातं. एक मुलगी हंड्याच्या गळ्याला झेंडूचं फूल बांधते आहे.

"हंड्याचीपन पूजा?"

"डोक्यावर कोन बसतो मग?" ती म्हणते.

ज्या घरी मी जातो तिथे ओटी नुकतीच सारवली आहे. शेणाचा वास ओला आहे. भिंती कुडाच्या. एका कोपऱ्यात वर टोपली टांगली आहे, तिच्यात मोरपिसांचा जुडगा. तो हिरवा देव. त्याच्याखाली आजी अवजारं मांडते. घरातली सगळ्यांत म्हातारी तीच, त्यामुळे क्रम तिचा. आधी नांगराचा फाळ. मग जू. मग तीन कोयते, विळे, कुऱ्हाड, कुदळ. शेवटी सूप आणि मुसळ. मुसळाला ती जरा जास्त हळद लावते.

उखळ ओटीतच पुरलेलं आहे. भात सडायला आता खोडाळ्याची गिरणी आहे, उखळात महिनोन्‌महिने काही पडत नाही. पण त्यावर कुणी बसत नाही. लग्न ठरलं की हळद याच उखळात, याच मुसळानं कुटतात, मुसळाला आंब्याची पानं बांधून. लग्न लावणारी धवलेरी गाते, लग्नाचा चौक भिंतीवर पांढरा उमटतो. आजीची हळद इथे कुटली गेली, तिच्या सुनेची इथेच. नातीची पुढच्या उन्हाळ्यात. हे काम गिरणीला जमणार नाही, हे सांगताना तिच्या आवाजात समाधान आहे.

आता माणसं आपापलं आणून ठेवतात. धाकटा मुलगा गवंडीकाम करतो. तो थापी आणि ओळंबा ठेवतो. सून घमेलं आणते. त्याला विटेची लाल माती चिकटलेली आहे, धुऊनही गेलेली नाही. दिवाळी झाली की हे घर वीटभट्टीला जाणार, भिवंडीकडे. ठेकेदारानं आगाऊ पैसे दिलेत, त्यातून सणाचा बाजार झालाय. घमेलं जाणार, फावडं जाणार, हंडा आणि दोन कोयते जाणार. नांगर माळ्यावर राहणार, उखळ जमिनीत राहणार, आणि देवाला दिवा लावायला आजी राहणार.

शेवटी नातू येतो. शहरात सामान पोचवायचं काम करतो, सणाला आलाय. तो मोबाइल ठेवतो, मुसळाशेजारी. सगळे आजीकडे बघतात.

"हा काय करतो?"

"काम यावरच येतं, आजे. पैसेपन यावरच."

आजी विचार करते. मग हळदीचं बोट पडद्यावर टेकवते. "खाया घालतो ना, मग बसू दे."

तिचा कायदा एवढाच आहे. कोयता असो की थापी, जे हात धरून घर चालवतं त्याला ओटीवर जागा. अक्षता पडतात. नारळ फुटतो. मोहाच्या दारूचे चार थेंब जमिनीवर सांडतात, धरतरीला. कणसरीचं नाव घेतलं जातं, कणसातल्या दाण्याच्या देवीचं. तिच्यासाठी वेगळं तबक नाही. खळ्यावर भात मोजताना तिचा मान होतो. तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. एक म्हटलं की मोजणी सुरू होते आणि मोजलं की सरतं. माप स्वच्छ पुसलेलं हवं, माणसानं हात धुतलेले हवेत, आणि मोजताना बडबड नको. कायद्यानं किलो-लिटर येऊन साठेक वर्षं होऊन गेली. पोतं काट्यावर किलोत चढतं. खळ्यावर अजून लाभ.

पूजा संपते. आता उद्यापर्यंत कशाला हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस बसू द्यायचं. मुलं प्रसादाचं खोबरं खातात. पुरुष ओटीवर टेकतात. मी पाणी पितो.

पश्चिमेला आभाळ काळं होतं. आधी कुणी बोलत नाही. मग वारा सुटतो, सुपातल्या अक्षता उडतात. खाचरात काल कापलेलं भात पसरलेलं आहे. भिजलं तर दाण्याला कोंब फुटतील. ते आता, या घडीला बांधून आत आणायला हवं. भाऱ्यांना बंध लागतील, बंध बांबूचे, आणि बांबूला कोयता. थोरला मुलगा कोयत्यांकडे बघतो. मग आजीकडे. तिन्ही कोयत्यांवर कुंकू ताजं आहे.

आजी गुडघ्यावर हात ठेवून उठते. कोयता उचलते आणि मुलाच्या पुढ्यात ठेवते.

"पूजा झाली ना? मग. भात भिजला तर त्यालाच आधी राग येल."

"पन आज नवमी, आये."

"पाऊस नवमी बघून येतो का? सुट्टी उद्या घेल तो."

तो कोयता आकडीत घालतो आणि पळत सुटतो. मागोमाग सून, नात, गवंडी. नातू मोबाइल पुसून खिशात टाकतो. घमेल्याखालून कुणीतरी निळी ताडपत्री ओढून काढतं. पहिले थेंब अंगणात पडतात, मोठे, वेगळे वेगळे. खाचरात सगळे वाकलेत. बंध कापल्याचा सपसप आवाज येतो, भारे आवळले जातात, ओल्या पेंढ्याचा वास उठतो. ताडपत्री वाऱ्यानं फुगते, दोघांना आवरत नाही.

"दादा, उभे काय राहिले? ते टोक धरा!"